प्रेमदास भोयरचं नाक

सिंदी मेघेत प्रेमदास भोयर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. वय सेहेचाळीस, लग्न झालेलं नाही. वर्ध्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याचे नमुने तपासतो. गल्लीतले लोक त्याला पाणीवाले सर म्हणतात. हा माणूस एके काळी पुण्यात बीअर चाखायचा पगार घेत होता, हे त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नाही. दारूबंदीच्या जिल्ह्यात ते सांगत सुटण्यासारखंही नव्हतं.

वडील पुलगावच्या गिरणीत होते. प्रेमदासनं बी.एस्सी. केलं आणि संभाजीनगरकडच्या एका मोठ्या बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला. एकदा तो दारातूनच म्हणाला, "साहेब, सात नंबरच्या टाकीत काहीतरी बिघडलं आहे, उकडलेल्या मक्यासारखा वास येतो." साहेबांनी हसून नमुना काढला, तर खरंच बिघडलं होतं. तेव्हापासून त्याच्या हातातला ब्रश गेला आणि नाकाशी लहान लहान कुप्या आल्या. लोणी, हिरवं सफरचंद, ओला पुठ्ठा, गंजका खिळा, बकऱ्याची कातडी. बीअर कशी कशी बिघडते ते सगळं त्यानं वासावरून पाठ केलं. पुढे पुण्याजवळच्या एका लहान ब्रुअरीनं त्याला बोलावून घेतलं. तिथे हॉप्स घालून कडवट, घमघमीत बीअर करत. हॉप्स म्हणजे वेलीला येणारी हिरवी बोंडं. कडूपणा त्यांचा आणि वासही त्यांचाच. कुठल्या हॉप्सना आंब्याचा वास, कुठल्यांना चीडाच्या लाकडाचा, कुठल्यांना लिंबाच्या पानाचा. प्रेमदासनं तीन प्रकारचे हॉप्स मिसळून एक बीअर बसवली. तिचा वास उन्हात संत्रं सोलल्यासारखा येई. मालकानं तिचं नाव ठेवलं 'दुपार'. ती चांगली खपली.

इकडे आई, लीलाबाई, नातेवाइकांना सांगत होती, "पोरगा शरबताच्या कंपनीत हाय." पण लग्नाच्या बैठकीत शरबत टिकत नसे. वडनेरचे एक गृहस्थ मुलगी द्यायला तयार झाले होते. त्यांनी सरळ विचारलं, "चाखता म्हणजे थुंकता ना?" प्रेमदास म्हणाला, "नाही, बीअरचा कडूपणा घशात कळतो. थोडी गिळावी लागते." गृहस्थांनी चहा संपवला आणि उठले. आई नंतर म्हणाली, "थुंकतो म्हन्लं असतं तर तुहं काय जात होतं?" त्याला मात्र कामाच्या बाबतीत खोटं बोलवत नसे. असं तीन-चारदा झालं आणि मग कुणी विचारायचंच थांबलं.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये त्याला ताप आला. चार दिवसांत उतरला. पंधरवड्यानं तो कामावर गेला आणि हॉप्सचं नवीन पोतं उघडलं. ते पोतं उघडलं की शेजारच्या खोलीतल्या माणसाचं डोकं वर व्हावं असा वास सुटतो. प्रेमदासला काहीच आलं नाही. त्यानं मूठभर बोंडं हातात चुरडली. हात चिकट झाला, हिरवा झाला, पण वास नाही. माल खराब आला म्हणून त्यानं पुरवठादाराला फोन लावला आणि चांगली दहा मिनिटं झापलं. फोन ठेवतो तोच दामिनी आत आली. दामिनी कुमरे आर्वीची मुलगी. तिला प्रेमदासनंच तिथे लावून घेतलं होतं आणि चार वर्षं हाताखाली शिकवलं होतं. ती म्हणाली, "काय वास सुटलाय सर!"

प्रेमदास म्हणाला, "हो ना."

त्या दिवशी तो पहिल्यांदा कामाच्या बाबतीत खोटं बोलला. पुढचे तीन महिने रोज बोलत राहिला. दामिनी नमुने चाखून आपला कागद भरायची, तो तिच्यामागून भरायचा, तिच्या गुणांत अर्धा इकडे, अर्धा तिकडे करून. मग एक दिवस मालकाला म्हणाला की आईचे गुडघे गेलेत, साखर वाढली आहे, मला गावाकडे जावं लागेल. हे खरंच होतं, त्यामुळे कुणी खोदून विचारलं नाही. निरोपाला त्यांनी त्याला शाल दिली आणि 'दुपार'चे बारा कॅन दिले. कॅन त्यानं पुण्यातल्या घरमालकाला देऊन टाकले आणि वर्ध्याला येऊन पाण्याच्या नोकरीला लागला.

डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितले होते. दीड वर्ष त्यानं ते नेमानं केलं. आई विचारायची, "हे काय पूजा करतं तू रोज?" तो म्हणायचा, "सर्दीसाठी." तिलाही त्यानं सांगितलं नाही. सुरुवातीला वाटलं, येईल परत, कशाला जिवाला घोर. नंतर वाटलं, इतके दिवस सांगितलं नाही, आता काय म्हणून सांगायचं. तेवीसच्या थंडीत आई गेली. तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा तो तिची गोधडी नाकाशी धरून बसला. कापूस मऊ लागला, एवढंच कळलं.

वासाशिवाय एकट्यानं राहणं कटकटीचं असतं. दूध नासलं की नाही ते जिभेवर घेतल्याशिवाय कळत नाही. भात करपला तर शेजारीण दार वाजवते तेव्हा कळतं. आपल्या अंगाला घाम येतो का, शर्ट अजून एक दिवस चालेल का, हे दुसऱ्या माणसाला विचारायचं, तर घरात दुसरं माणूस नाही. म्हणून प्रेमदास दोनदा अंघोळ करी, शर्ट रोज धुवी, आणि ऑफिसात कुणी खुर्ची जराशी सरकवली की दिवसभर त्याच्या मनातून ते जात नसे. लोकांमध्ये बसणं त्यानं कमी केलं. लोकांनाही ते हळूहळू सवयीचं झालं.

अशात मागच्या दिवाळीनंतर स्वप्निलचा फोन आला. स्वप्निल आणि बंडू हे त्याचे पुलगावच्या शाळेतले दोस्त. स्वप्निल पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता आणि प्रेमदासच्याच नादानं बीअरचा शौकीन झाला होता. फेसबुकवर शौकिनांचा एक ग्रुप चालवायचा, हजारो माणसं त्यात. बंडू नदीपलीकडे सासऱ्याची शेती पाहत होता.

"बंड्याच्या वावरात जमू, रविवारी," स्वप्निल म्हणाला. "पाच हॉप्सवाल्या बीअर आणल्या. बंगलोर, गोवा, पुणं. डोळे बांधून चाखू, नंबर देऊ. तू गुरू. नाई म्हणू नको."

पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, तिथे दारूबंदी नाही. स्वप्निल पुण्याहून येताना धामणगावच्या बाजूनं आला होता आणि बर्फाची पेटी आधीच बंडूकडे ठेवून मग वर्ध्याला सासऱ्याकडे उतरला होता. तेव्हा वर्धा जिल्ह्यात थेंबही शिरला नव्हता. प्रेमदासनं बहाणे शोधले, पण रविवारच्या दिवशी पाण्याचे नमुने तरी कोण आणणार. शिवाय वर्षभरात त्याच्याशी दहा मिनिटांहून जास्त कुणी बोललं नव्हतं. तो गेला.

जाताना त्यानं मनाशी हिशेब मांडला होता. कडू, आंबट, गोड हे जिभेला अजून कळतं. बाकीचं डोळ्यांनी भागवू. म्हणायला डोळे बांधायचा खेळ, पण ग्लास हाती आला की दुपट्ट्याखालून रंग दिसतोच. गढूळ असेल तर कुठल्या जातीची, तांबूस असेल तर कुठल्या, एवढ्यावर वीस वर्षांचा अनुभव पुरेल. आणि दुसरे काय म्हणतात ते ऐकून त्यावर आपण दोन शब्द चढवायचे.

वावरात कापूस फुटलेला होता आणि बंडूची बायको बायांसोबत वेचणीला गेली होती. बंडूनं कडुलिंबाखाली खाट टाकली, मुरमुऱ्यांची परात ठेवली आणि घरातून ग्लास आणले. ते स्टीलचे होते.

"काचेचे नाईत का बे?" प्रेमदासनं विचारलं.

"काचेचे आमच्या घरी टिकत नाईत," बंडू म्हणाला. "कायले पाह्यजे? डोळे तर बांधूनच राह्यलो."

स्वप्निलची बायको सुरभी वर्ध्याची. परतीला गाडी तीच चालवणार होती, म्हणून ती पिणार नव्हती, ओतणार होती. तिनं पाच चिठ्ठ्या केल्या, कॅन विहिरीमागे नेले आणि तिघांचे डोळे बंडूच्या दुपट्ट्यांनी घट्ट आवळले. इतके घट्ट की प्रेमदासला खाली उजेडाची फटसुद्धा राहिली नाही.

पहिल्या ग्लासाला बंडू लगेच बोलला. "कडूझार हाय, पण मागून लिंबू येते."

"लिंबापेक्षा लिंबाचं पान," प्रेमदास म्हणाला. "आणि तळाला थोडं गवती."

"बरोब्बर!" स्वप्निल ओरडला. "हेच मले सुचून नव्हतं राह्यलं."

दुसऱ्या ग्लासालाही तसंच झालं. स्वप्निल आंबा म्हणाला, प्रेमदासनं त्याचा कच्चा आंबा केला. मग सुरभीचा आवाज आला. "हे काई बरोबर नाई. एकाचं ऐकून दुसरा बोलते. आता पह्यले प्रेमदासभाऊजी बोलतील, मंग बाकीचे."

तिसऱ्या ग्लासाला तो 'चीड' म्हणाला. अंदाजच होता, पण निभावला. जीभ चुणचुणत होती, थंडगार फेस ओठाला लागत होता, कडूपणा घशात उतरत होता आणि त्यापलीकडे काही नव्हतं. डोळे बांधलेले, नाक बंद. दोन बाजूंना दोन दोस्त बसलेले, त्यांचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागत होते. ते दोघं काहीतरी घेत होते आणि आनंदानं हुंकारत होते. प्रेमदासला वाटलं, आपण एखाद्या बंद खोलीत बसलो आहोत आणि भिंतीपलीकडे लग्न चाललं आहे.

चौथा ग्लास आला. त्यानं विचार केला, इतक्या लांबून हिंडत आलेल्या पाच कॅनमध्ये एखादा तरी शिळा निघणारच. आणि एकाला नावं ठेवल्याशिवाय परीक्षक कसला. त्यानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"ही ओतून द्या."

"काऊन?" स्वप्निलनं विचारलं.

"मेली आहे ही. ओला पुठ्ठा. हवा लागली बीअरला की असं होते. बनवणाऱ्याचं लक्ष नाई."

 मग स्वप्निलनं स्वतःचा दुपट्टा ओढून काढला, प्रेमदासचाही काढला. उन्हानं प्रेमदासचे डोळे दिपले. समोर सुरभी कॅन धरून उभी होती. पिवळा कॅन, त्यावर काळ्या अक्षरांत 'दुपार'.

"तुहीच हाय बे," स्वप्निल म्हणाला. "मुद्दाम आणली. तू पह्यल्या घोटात वयखशील आणि आपण टाळ्या वाजवू, असं ठरवलं होतं आम्ही."

प्रेमदास कॅनकडे पाहत राहिला. त्या क्षणी त्यानं सांगून टाकायला हवं होतं. पण तोंडातून आलं, "बदलली त्याईनं. माही अशी नव्हती."

स्वप्निलनं स्वतःचा ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "मले तर चांगली लागली होती. पण तू म्हणतं तर..." त्यानं आणखी एक घोट घेतला आणि मान हलवली. "हाव, हाय काहीतरी. पुठ्ठाच हाय. आता कोण बनवते तिथं?"

"दामिनी. माह्या हाताखाली होती."

"वाटोळं केलं तिनं!" दोस्ताच्या वतीनं स्वप्निलला खराच राग आला. त्यानं खिशातून फोन काढला. प्रेमदासला वाटलं, फोटो काढतो आहे. तो उठून विहिरीकडे गेला, तोंडावर पाणी मारलं. परत आला तेव्हा स्वप्निल मोठ्यानं वाचून दाखवत होता. "'दुपार' ज्यांनी निर्माण केली त्या प्रेमदास भोयर यांनी आज डोळे बांधून ती चाखली आणि ओतून द्या म्हणाले. ओला पुठ्ठा. सध्याच्या ब्रुअर दामिनी कुमरे यांनी हातची बीअर घालवली आहे."

"टाकलं का?" प्रेमदासनं विचारलं.

"टाकलं. अकरा जण बोललेही."

"काढ ते."

"काऊन काढू? खरं तेच लिहिलं."

"खरं नाई ते. मले वास येत नाई."

"सर्दी हाय का?" बंडू म्हणाला.

"साडेतीन वर्सं झाले. तापात गेला, आलाच नाई. ते पुठ्ठा-बिठ्ठा मी बनवून सांगितलं. बीअर चांगलीच असंन तिची. तू ते काढ पह्यले."

स्वप्निलनं त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि अंगठ्यानं दोन-तीनदा दाबून ते काढून टाकलं. फोन उलटा करून खाटेवर ठेवला. त्याला स्वतःचीच लाज वाटत असावी, कारण नसलेला पुठ्ठा त्यालाही लागला होता.

बंडूला पटेना. "पण माह्या पुतणीच्या लग्नात तू तुपाच्या वासाची तारीफ केलती."

"तूप रवाळ दिसत होतं. म्हणून केलती."

"मंग इतके दिवस सांगितलं काऊन नाई बे? आमी का परके होतो?"

 हॉप्सचा हिरवा चिकट हात, आईचं 'पूजा करतं' म्हणणं, यातलं काय पुढे करावं आणि कसं, हे प्रेमदासला कळेना. सुरभी खाली बसून सांडलेले मुरमुरे गोळा करत होती. ती म्हणाली, "मले दुसऱ्या ग्लासापासूनच वाटत होतं भाऊजी. हे दोघं ग्लास नाकापाशी नेला की श्वास ओढत. तुमी नेत होते, पण ओढत नव्हते."

पाचवा कॅन उघडलाच नाही. जेवताना बंडूनं भरीत वाढलं आणि त्याच्याकडे पाहत विचारलं, "भरताचाही नाई?"

"नाई."

"शेणाचाही?"

"नाई."

"हे तर बरंच हाय मंग," बंडू म्हणाला आणि हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही, तेव्हा तो उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते.  सिंदी मेघेत उतरताना स्वप्निलनं त्याला मिठी मारली. ती मिठी जरा लांबली, आणि प्रेमदासच्या मनात आलं ते एवढंच की आपल्या शर्टाला वास तर येत नसेल.

सहा वाजता फोन वाजला. दामिनीचा. ते लिखाण पंधरा मिनिटंच राहिलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी त्याचा फोटो काढून तिला पाठवला होता.

"सर, तुम्ही ओला पुठ्ठा म्हणालात?"

"म्हणालो."

"सध्या बाजारात आहेत त्या सगळ्या बॅचचे राखून ठेवलेले कॅन मी दुपारीच उघडले," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "सुट्टी होती तरी चार जणांना बोलावलं. कुणालाच काही सापडलं नाही. पण सर म्हणतात म्हणजे असणार, म्हणून परत उघडला. परत नाही सापडलं. तीन तास झाले सर, मला आता माझ्याच नाकावर भरवसा राहिला नाही."

प्रेमदास खुर्चीत बसला. "दामिनी, तुझं नाक बरोबर आहे. माझं गेलं आहे." आणि त्यानं सगळं सांगितलं. पोत्याचा दिवस, पुरवठादाराला केलेला फोन, तिच्यामागून भरलेले कागद. त्यानं काहीच वगळलं नाही. तीन महिने मी तुझ्या गुणांवर पगार घेतला, असंही म्हणाला.

 मग ती आर्वीच्या बोलीत आली, कामावर ती कधी तसं बोलत नसे. "मले माहीत होतं सर."

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी मी दाराबाहेर उभी होती. आख्खी खोली घमघमत होती आणि तुमी त्या माणसाले वास नाई म्हणून झापून राह्यले होते. मी आत येऊन मुद्दाम म्हन्लं, काय वास सुटलाय. म्हन्लं आता सांगतील. तुमी हो ना म्हन्ले. मंग मी काय बोलू? म्हणून माहा कागद तुमच्या टेबलावर उघडा ठेवत होती. तुमाले दिसावा म्हणून."

"मला वाटायचं, तू विसरतेस."

"चार वर्सांत कधी काई विसरली का मी?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तुमी सर होते. मी कसं विचारणार? सांगतील म्हणून वाट पाह्यली. तुमी तर राजीनामाच दिला. मालकाले आजवर काई बोलली नाई मी. आज ते वाचलं तेव्हा वाटलं, सरांचं नाक परत आलं असंन. त्याचा आनंदच झाला होता पह्यले. मंग पुढचं वाचलं."

फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तीन महिने ते दोघं एकाच टेबलाशी बसत होते. तो तिच्यापासून लपवत होता आणि तिला माहीत आहे हे ती त्याच्यापासून लपवत होती. त्या तीन महिन्यांत तो घरी जाऊन एकटाच भिंतीकडे पाहत बसे, आणि चार हातांवर बसलेल्या माणसाला सगळं ठाऊक होतं. एका प्रश्नाचं अंतर होतं. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि त्यात नोकरी गेली, पुणं गेलं. तिच्यावर राग धरावा असं काही नव्हतं. स्वतःवर धरावा तर तोही आता जुना झाला होता. तो तसाच बसून राहिला आणि बसल्या जागी अंधारलं तरी दिवा लावायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वप्निलनं ग्रुपवर स्वतःच्या नावानं चूक कबूल केली आणि दामिनीची माफी मागितली. प्रेमदासचं नाव त्यात घातलं नाही. प्रेमदासनं कामावर जाऊन शेजारच्या टेबलावरच्या वर्षालीला सांगितलं. पाण्याच्या तपासणीच्या कागदावर वासाचा एक रकाना असतो. तो भरताना प्रेमदास नेहमी तिच्यापुढे बाटली धरून म्हणे, "सांग बरं, कसा येतो?" आणि ती सांगेल ते लिही. ते ऐकून वर्षाली म्हणाली, "मले वाटे तुमी मले शिकवून राह्यले सर." मग म्हणाली, "आता सरळ विचारत जा." त्यापुढे दोघं आपापल्या कामाला लागले.

दामिनी मधूनमधून फोन करते. या एकदा, म्हणते. तो येतो म्हणतो. अजून गेलेला नाही. त्या टेबलाशी जाऊन बसायची हिंमत त्याला होत नाही, आणि हे तो तिला सांगतोही. एवढं मात्र आता सांगतो.

बंडूचं वेगळंच. सुरुवातीला तो रोज फोन करी. "आला का?" तापाची विचारपूस करावी तसं. पंधरा दिवसांनी तो उत्साह ओसरला. मग एका रविवारी म्हणाला, "जेवाले येजो." प्रेमदास बसनं पुलगावला गेला, बंडू मोटरसायकल घेऊन पुलावर आला. आता महिन्यातून एखाद्या रविवारी असं होतं. बाकीचे रविवार प्रेमदास खोलीवरच असतो. कपडे धुतो, दूध चाखून पाहतो, पेपर वाचतो.

बंडूनं ठरवलं आहे की आपण त्याचं नाक व्हायचं. ताट वाढून झालं की तो भाजीवर बचकभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकतो, ताटावर वाकतो, डोळे मिटून लांब श्वास ओढतो आणि सांगतो, "मस्त वास येऊन राह्यला."

"मस्त म्हणजे कसा?" प्रेमदास विचारतो.

बंडू पुन्हा वाकतो. पुन्हा हुंगतो. कपाळाला आठ्या घालून विचार करतो.

"मस्त म्हणजे... मस्तच," तो म्हणतो. "आता कसं सांगू तुले?"

"राहू दे," प्रेमदास म्हणतो. "जेव आता. थंडं होऊन राह्यलं."